चेर्नोबिल : नुसता बोन मॅरो बदलून भागलं नसतं

बोन मॅरो (हाडातला रक्त तयार करणारा मगज) बदलला असता तर 1986 च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या स्फोटातले सगळे फायरमन वाचले असते असं म्हणणं जरा घाईचं वाटतं. केलं होतं की ते, मॉस्कोच्या 6 नंबर हॉस्पिटलात 13 जणांना, अमेरिकेहून बोन मॅरोचे तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट गेल पण आले होते, तरी त्यातले बहुतेक गेलेच. कारण नुसता मॅरो गेला असता तर ठीक, पण रेडिएशनने कातडी आणि आतडी पण भाजलेली, त्याला काय करणार?

मला खरं कौतुक तिथल्या रेडिएशनच्या डॉक्टर अँजेलिना गुस्कोवांचं. त्यांनी आधी उरलमधल्या मायाक या अणुकारखान्याच्या कामगारांवर उपचार केलेले, त्यामुळे रेडिएशनचा मीटर काय दाखवतो याच्यावर न विसंबता पेशंटला उलटी किती वेळात सुरू झाली आणि रक्तातले लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) किती झपाट्याने उतरतायत यावरून रेडिएशनचा डोस किती बसला ते ठरवायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मधे काही दिवस पेशंट एकदम बरा दिसतो, गप्पा मारतो, आणि डॉक्टरला माहीत असतं पुढे काय होणारे (हे कसं सहन करत असतील देव जाणे).

134 जणांना रेडिएशन सिकनेस झाला, 1986 मधेच त्यातले 28 गेले. म्हणजे बाकीचे तेव्हा तरी वाचले, तेही जास्त करून अँटिबायोटिक, प्लेटलेट आणि निर्जंतुक खोल्यांवर.