मदत हवी आहे: बाबांच्या ४८६ पीसीत हार्ड डिस्कऐवजी सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी) कार्ड बसवलं, बूट होत नाही

नमस्कार मंडळी,

जुन्या पीसीत हात घातलेलं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते.

बाबा आमच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. १९९४ मध्ये वाचनालयाने ४८६ डीएक्स२-६६ प्रोसेसरचा पीसी घेतला, त्यात पडद्यावर भारतीय लिप्या दाखवणारं सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलं आणि बाबांनी फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये सगळी ग्रंथसूची मराठीत भरली. निवृत्तीच्या वेळी तो पीसी त्यांनाच मिळाला. आजही कुणी जुनं पुस्तक विचारलं की बाबा त्यावरच बसतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय लिप्यांच्या कळमांडणीवर) त्यांची बोटं माझ्याहून भराभर चालतात.

इम्युलेटर (नव्या संगणकावर जुन्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम) का नको, ते आधीच सांगते. डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसते ती या कार्डामुळे, आणि ते जुन्या पद्धतीच्या आयएसए स्लॉटमध्येच बसतं. फाइली इस्कीत (भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतप्रणालीत) आहेत. त्या युनिकोडमध्ये नेण्याचं काम मी करणारच आहे, पण बाबांना त्यांचा प्रोग्रॅम जसाच्या तसा हवा आहे.

मूळ ४२० एमबीची हार्ड डिस्क महिन्याभरापासून सुरू होताना टक् टक् करते. दोन-तीनदा बंद-चालू केली की घेते. म्हणून घाई आहे.

आतापर्यंत केलेलं: मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळली होती, कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत हिरवट-निळी पुटं चढली होती. बॅटरी कापून काढली, व्हिनेगर लावून ब्रशने घासलं, मग आयसोप्रोपाइलने पुसलं. आता बाहेरच्या बॅटरीच्या पिनांवर तीन एए सेलचा होल्डर आहे, बायोस (पीसी सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) सेटिंग विसरत नाही. मग सीएफ कार्ड जुन्या हार्ड डिस्कच्या आयडीई केबलला जोडणारा ४० पिनी अडॅप्टर आणला, जम्पर मास्टरवर ठेवला आणि ४ जीबीचं कार्ड लावलं. हे कार्ड मी आधी लॅपटॉपला यूएसबी रीडरने जोडून फॅट१६ या जुन्या फाइल पद्धतीत २ जीबीचं पार्टिशन केलं होतं आणि डॉस ६.२२ च्या फाइली टाकल्या होत्या.

बायोसचं ऑटो डिटेक्ट १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर दाखवतं. बूट करताना 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' येऊन थांबतं. फ्लॉपीवरून बूट करून सी ड्राइव्हचं डीआयआर (फाइलींची यादी) पाहिलं, तर फाइलींच्या नावांऐवजी हसरे चेहरे आणि ग्रीक अक्षरं.

कार्ड खराब आहे, अडॅप्टर खराब आहे, की माझंच काही चुकतंय? आणि जुन्या डिस्कवरचा डेटा कोणत्या मार्गाने आणणं सगळ्यात सुरक्षित?

प्रतिसाद १

ताई, कार्ड आणि अडॅप्टर दोन्ही ठीक असणार. सीएफ कार्ड मुळातच आयडीई बोलतं, अडॅप्टर फक्त पिना जुळवतो. गोंधळ पत्त्याचा आहे.

तुमच्या बाबांच्या भाषेत सांगतो. लॅपटॉपने एका कपाटाला २५५ फळ्या धरून पुस्तकं लावली. ४८६ चा बायोस एका कपाटाला १६ च फळ्या मोजतो. 'तिसरं कपाट, दुसरी फळी' म्हटलं की दोघं वेगवेगळ्या जागी जातात. डॉस ६.२२ याच सिलिंडर-हेड-सेक्टरच्या पत्त्याने चालतं, म्हणून डीआयआरमध्ये भलताच मजकूर दिसतो.

शिवाय तुमच्या बायोसची मर्यादा १०२४ × १६ × ६३ × ५१२ (एका सेक्टरात ५१२ बाइट) म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट, अर्थात ५०४ एमबी. त्यापुढचं त्याला दिसतच नाही, तुमचं २ जीबीचं पार्टिशन मर्यादेबाहेर गेलं आहे.

कार्ड ज्या मशीनवर चालवायचं त्याच मशीनवर तयार करा. लॅपटॉपवर विंडोजच्या डिस्कपार्टने 'क्लीन' (कार्ड कोरं) तेवढं करा (ड्राइव्हचा नंबर दोनदा तपासून!) आणि पुढे लॅपटॉपला हात लावू नका. ४८६ वर फ्लॉपीने बूट करून डॉसच्या एफडिस्कने एकच प्रायमरी पार्टिशन करा आणि ते ॲक्टिव्ह आहे ना बघा. रीस्टार्ट करून फॉरमॅट सी: /एस द्या, म्हणजे डॉसच्या सिस्टिम फाइलीही जातात. तरीही बूट झालं नाही तर एफडिस्क /एमबीआर, म्हणजे कार्डाच्या सुरुवातीचा बूट कोड नव्याने लिहिला जाईल.

नेटवर्क कार्डाच्या बूट रॉमच्या सॉकेटमध्ये एक्सटीआयडीई हा जोड-बायोस बसवून ही मर्यादा ओलांडता येते. पण तुमची डिस्कच ४२० एमबीची आहे, सगळं ५०४ मध्ये मावतं. कशाला वाढवता?

प्रतिसाद २

डेटाबद्दल: यूएसबी-आयडीई केबलवर विसंबू नका. त्या काळातल्या ज्या डिस्क एलबीए (सेक्टरांना सलग क्रमांक देण्याची पद्धत) जाणत नाहीत, त्या अशा बऱ्याच केबलींना ओळखूच येत नाहीत, आणि तुमच्या डिस्कला प्रत्येक वेळी सुरू होण्याचा त्रास आहे. कार्ड मास्टर, जुनी डिस्क स्लेव्ह करा आणि ४८६ वरच कॉपी करा. बायोसमधले तिचे आताचे आकडे आधी कागदावर लिहून ठेवा आणि स्लेव्हला तेच भरा. पहिल्यांदा ग्रंथसूचीची डिरेक्टरी घ्या, बाकी सगळं नंतर. डॉस ६.२२ ची एक्सकॉपी कमांड लपवलेल्या आणि सिस्टिम फाइली सोडून देते, तेव्हा आधी ॲट्रिब वापरून त्यांच्यावरच्या त्या खुणा काढा. आणि इस्की फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका.

धागालेखिका

दोघांचे मनापासून आभार! काल रात्री बसले. एफडिस्क, फॉरमॅट, आणि कार्डावरून सी प्रॉम्प्ट आला. एमबीआरची गरज पडली नाही.

जुनी डिस्क चौथ्या प्रयत्नात सुरू झाली. कॉपी करताना एका फाइलवर 'ॲबॉर्ट, रिट्राय, फेल' आलं. दहा-बारा वेळा रिट्राय देऊनही ती वाचली गेली नाही, पण ती इंडेक्सची (नोंदी पटकन शोधण्याच्या सूचीची) फाइल निघाली. बाबांनी मूळ तक्त्यावरून इंडेक्स नव्याने बांधला, कमांड त्यांना तोंडपाठ होती. मग त्यांनी दाखल क्रमांक १ काढून पाहिला, तिथून शेवटच्या नोंदीवर उडी मारली, आणि दोन्ही दिसल्यावर खुर्चीत मागे टेकले.

बाबा एवढंच म्हणाले, "आवाज येत नाही गं आता, चालू आहे की नाही कळत नाही." अडॅप्टरवरचा दिवा कॅबिनेटच्या आत आहे. तो बाहेर आणून जुन्या हार्ड डिस्कच्या दिव्याच्या जागी कसा जोडायचा, कुणी सांगेल का?