औषधांना ‘दाद न देणारी’ फिट आणि मेंदूला ‘उत्तेजन’: शब्द सुचवा

प्रश्न
न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत ठेवायच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. गोळ्या घेऊनही ज्यांच्या फिट थांबत नाहीत, त्यांना बसवायच्या व्हीएनएस (व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन), डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन), आरएनएस (रिस्पॉन्सिव्ह न्यूरोस्टिम्युलेशन) या उपकरणांबद्दल आहे. अडलंय तीन शब्दांवर: ड्रग-रेझिस्टंट, स्टिम्युलेशन, इम्प्लांट. सध्याचा खर्डा: ‘औषध-प्रतिरोधी अपस्मारात मेंदूला उत्तेजन देणाऱ्या उपकरणाचे प्रत्यारोपण’. नातवाला घेऊन आलेल्या आजीला हे वाचून काय कळणार?

प्रतिसाद १
‘प्रत्यारोपण’ आधी काढा, ते ट्रान्सप्लांट. एकाची किडनी दुसऱ्याला लावली तर प्रत्यारोपण. पेपरवाले सर्रास कशालाही लिहितात, तो भाग वेगळा. ‘दंतरोपण’च्या धर्तीवर ‘रोपण’ चालेल, पण पेशंट ‘मशीन बसवलं’च म्हणतात. तेच घ्या.

प्रतिसाद २
फिटच्या क्लिनिकमध्ये समुपदेशन करते, म्हणून जरा लांबण लावते. खरी पंचाईत ‘उत्तेजना’ची आहे. फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये एकदम उठलेला विजेचा कल्लोळ, हे आम्हीच आधी सांगितलेलं असतं. मग नातेवाईक विचारतात, “आधीच वीज जास्त, वर तुम्ही आणखी उत्तेजन कशाला देताय?” प्रश्न रास्त आहे. उत्तेजनार्थ बक्षीस असतं, ते काय फिटला द्यायचंय? ‘उद्दीपन’ शास्त्राच्या पुस्तकातलं, पण त्यातही पेटवणंच आलं. आम्ही सरळ ‘विजेचे सौम्य स्पंद’ म्हणतो. ते कल्लोळ मोडण्यासाठी असतात, हे लगेच पुढे जोडायचं.

शिवाय ‘मेंदूला’ हे तिन्हींना सारखं लागू नाही. व्हीएनएसची डबी छातीत, कॉलरबोनच्या खाली. तार मानेतल्या डाव्या व्हेगस नसेभोवती (रक्तवाहिनी नव्हे, मेंदूशी जोडलेला मज्जातंतू). मेंदूला हातच लावत नाहीत. बहुतेकदा पाच मिनिटांच्या अंतराने तीसेक सेकंद स्पंद जातात आणि तेवढा वेळ काहींचा आवाज घोगरा होतो. आमच्या एक काकू बोलता बोलता आवाज बसला की “थांबा, आता मशीनची पाळी” म्हणून गप्प बसतात. डीबीएसच्या तारा मात्र मेंदूत खोल, थॅलॅमस या भागापर्यंत जातात. आरएनएसची डबी कवटीच्या हाडातच बसवतात. ती मेंदूतली वीज सतत वाचते आणि फिटची चाहूल लागली की स्पंद सोडते. अमेरिकेत तिला २०१३ साली मान्यता मिळाली.

प्रतिसाद ३
‘मेंदूचा पेसमेकर’ म्हणा की. पटकन कळतं.

प्रतिसाद २
कळतं, पण भलतंच. बॅटरी संपली की मेंदू बंद पडेल, अशी धास्ती घेतात लोक. बॅटरी संपली तर फिट वाढू शकतात, म्हणून ती वेळेत बदलायची, इतकंच.

प्रतिसाद ४
‘प्रतिरोधी’ हा टीबीच्या पत्रकातला शब्द. तिथे जंतू औषधाला जुमानत नाहीत; इथे जंतूच नाही. ‘औषधांना दाद न देणारी फिट’ म्हणा. दाद मूळ फारसी, अर्थ न्याय. आपण ती कोर्टात मागतो, गाण्याला देतो, आणि हट्टी दुखणं ती कुणालाच देत नाही! मात्र खाली व्याख्या हवी, नाहीतर चार दिवस गोळी चुकवलेलाही ‘माझी फिट दाद देत नाही’ म्हणेल. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीची २०१० ची व्याख्या सोपी आहे: योग्य निवडलेली, अंगाला सोसणारी दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबल्या नाहीत तर. साधारण एक तृतीयांश रुग्ण यात येतात.

प्रतिसाद ५
‘अपस्मार’ वैद्यकाच्या पुस्तकात ठीक. नटराजाच्या पायाखाली चिरडलेल्या बुटक्याचंही तेच नाव, ते पत्रकात कशाला? फेफरं, मिरगी म्हटलं की कांदा नि चप्पल हुंगवणारे आठवतात. ‘आकडी’ आमच्याकडे बहुधा तापातल्या पोरांची. ‘फिट’ सगळ्यांना कळते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. नवा खर्डा: ‘औषधांना दाद न देणाऱ्या फिटसाठी बसवायचं, विजेचे सौम्य स्पंद देणारं मशीन. याने फिट बंद होतात.’

प्रतिसाद २
‘बंद’ नको, ‘कमी’. डीबीएसची अमेरिकेतली सँटे चाचणी ११० जणांवर झाली. पाच वर्षांनी फिटमधली घट, मध्यक धरला तर, ६९ टक्के होती. पूर्ण थांबलेले थोडेच. गोळ्याही चालू राहतात, हे ठळक टाका.

आणि व्हीएनएससोबत पेशंटला जो चुंबक देतात, त्याबद्दल ‘चुंबक लावा’ असं चुकूनही लिहू नका. फिट येतेय असं वाटलं की तो डबीवरून एकदा फिरवायचा, म्हणजे जादा स्पंद जातो. तिथेच धरून ठेवला तर स्पंद थांबतात. ‘लावा’त दोन्ही आलं. ‘फिरवा’ आणि ‘धरून ठेवा’ वेगवेगळ्या ओळींत टाका, जमलं तर शेजारी चित्र काढा.