महापालिकेच्या शाळेत परदेशी बोर्ड: पैसा आपला, मग अभ्यासक्रम आपला का नाही?

खडूफळा
परवा बहिणीचा फोन आला. मुंबई महापालिकेच्या विलेपार्ल्यातल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) शाळेसाठी भाच्याचा अर्ज भरलाय, लॉटरीत नंबर लागतो का बघायचं. पार्ल्यात आयबी, माटुंग्यात केंब्रिज, दोन्ही परदेशी बोर्डं, आणि दोन्हीकडे फी नाही. ती खूश होती. मी मात्र फोन ठेवल्यापासून अस्वस्थ आहे.

मी 19 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतोय. 2018 मध्ये राज्याने स्वतःचं महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, तेव्हा आमच्यात केवढा उत्साह होता! पहिल्या टप्प्यात 13 शाळा घेतल्या, शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी त्यातलीच. पुढे हा आकडा 81 वर गेला. खेड्यातल्या पोराला त्याच्या भाषेत, त्याच्याच शाळेत जगाच्या तोडीचं शिक्षण द्यायचं, असं ते स्वप्न होतं. 2021 मध्ये मंडळ गुंडाळलं. सरकार बदललं की आधीच्यांनी लावलेलं रोप उपटायचं, ही आपली जुनी खोड.

आमची शाळा त्या यादीत नव्हती. तरी एक प्रसंग सांगतो. शाळेबाहेरचा नळ गळायचा. सहावीच्या मुलांनी त्याखाली लिटरचा तांब्या ठेवला. 12 मिनिटांत भरला. म्हणजे तासाला 5 लिटर, दिवसाला 120, महिन्याला 3600. आकडेमोड फळ्यावर केली, ग्रामपंचायतीला अर्ज मुलांनीच लिहिला आणि चौथ्या दिवशी प्लंबर आला. गणित, भाषा, नागरिकशास्त्र, सगळं एका नळात. यासाठी परदेशी मंडळाची मान्यता कशाला हवी? तोच पैसा आपल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणावर का घालू नये?

कोथरूडची आई
सर, नळाचा प्रसंग फार आवडला. पण त्या मुलांच्या गुणपत्रिकेवर तो नळ कुठे दिसला?

माझी मुलगी आयबी डिप्लोमा, म्हणजे त्यांची अकरावी-बारावी, करून बाहेर पडली. सहा विषय, 45 पैकी गुण, किमान 24 लागतात. त्याशिवाय एका विषयावर स्वतः संशोधन करून 4000 शब्दांचा निबंध. तिने मुठा नदी घेतली होती. विठ्ठलवाडीच्या घाटाजवळून बाटल्यांत पाणी भरून आणायची, आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी त्या बाटल्या. हा निबंध शाळेबाहेरचे परीक्षक तपासतात, आणि डिप्लोमाच्या निकालात तो धरला जातो.

आपल्या दहावीत बहुतेक विषयांना 20 गुण अंतर्गत असतात. ते कसे दिले जातात हे आपण सगळेच जाणतो. वर्गात चांगलं शिकवणारे गुरुजी आपल्याकडे पूर्वीही होते, आजही आहेत. त्या शिकवण्याची दखल घेणारी परीक्षा मात्र आपण उभी केली नाही. तुमची बदली झाली की तो नळ तुमच्याबरोबर जातो. बोर्ड असेल तर पद्धत शाळेत राहते.

सीईटीवाला
मी अकरावी-बारावीचे क्लास घेतो, त्यामुळे दुसरी बाजू रोज पाहतो. ताई, तुमची मुलगी पुढे कुठे गेली ते तुम्ही लिहिलं नाहीत.

आयबी डिप्लोमाला भारतात बारावीची समकक्षता आहे, हे खरं. पण समकक्षता मिळाली म्हणजे जागा मिळाली असं होत नाही. मे महिन्याच्या परीक्षेचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो, तोवर इकडे प्रवेशाची धावपळ सुरू झालेली असते. एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेत, 80 टक्के भार राज्याच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर आणि 20 टक्के अकरावीच्या. जेईई, नीटचा पायाही इथल्याच पुस्तकांचा. केंब्रिजची दहावी करून आमच्याकडे अकरावीला येणारी मुलं हुशार असतात, प्रश्न फार छान विचारतात. पण तीन तासांत दीडशे प्रश्नांच्या पेपरला बसली की गोंधळून जातात. वर्षभर रडकुंडीला आलेली पोरं मी पाहिलीत.

ज्यांना परदेशी पाठवायचंय आणि परवडतंय, त्यांनी खुशाल जावं. महापालिकेच्या शाळेतलं मूल शेवटी इथल्याच सीईटीला बसणार आहे.

शिलाई मशीन
गुरुजी, राग मानू नका. माझा मुलगा महापालिकेच्या अशाच एका शाळेत लॉटरीत लागला. मी ब्लाउज शिवते.

त्यांच्या बाईंनी सांगितलं, घरातलं मापाचं एक साधन आणा आणि वर्गाला समजावून सांगा. त्याने माझी टेप नेली. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर, असं का, हे त्याने सगळ्यांना सांगितलं. घरी आला तो माझ्या मागे मागे फिरत होता, छातीचं माप इंचात का घेतेस म्हणून. माझ्या कामाबद्दल त्याने आजवर काही विचारलं नव्हतं.

त्रास पण आहे. शाळेची चिठ्ठी सगळी इंग्रजीत येते. मी फोटो काढून नणंदेला पाठवते, ती रात्री कामावरून आली की वाचून सांगते. पण हेच शिक्षण लाखांच्या फीवाल्या शाळेत असलं तर कोणी विचारत नाही पैसा कोणाचा. आमच्या पोरांना मिळालं की हिशोब निघतो.

मस्कतकर
आयबी 1968 साली जिनिव्हात सुरू झालं ते मुख्यतः देशोदेशी बदली होणाऱ्यांच्या मुलांसाठी. आमच्यासारख्यांना त्याचा आधार आहे, हे मान्य. पण किंमतही सांगतो. माझ्या मुलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. आजीचं पत्र मी वाचून दाखवतो.

2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. 2023 मध्ये इतर बोर्डांना 2024-25 पर्यंत सवलत दिली होती: मराठीला गुणांऐवजी फक्त श्रेणी, एकूण मूल्यमापनात धरायची नाही. जे मोजलं जात नाही ते मूल शिकत नाही. महापालिकेच्या शाळेत तरी अशी सवलत पुन्हा नको.

खडूफळा
शिलाई मशीन ताई, तुमचं वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. हिशोब तुमच्या मुलाच्या नावावर मांडायला नको होता, ते माझं चुकलं. बहिणीलाही सांगितलं, नंबर लागला तर घाल.

कोथरूडच्या ताई, 20 गुणांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच माझी मागणी अजून तीच आहे. ते गुण बाहेरच्या परीक्षकाने तपासायचे, मुलाचं काम प्रत्यक्ष बघून, हे राज्य मंडळाला जमू नये का? मुंबईत दोन शाळा झाल्या, चांगलं झालं. आमच्या तालुक्यात लॉटरीसुद्धा नाही. ते 81 शाळांचं मंडळ बंद झालं तेव्हा शिक्षक संघटना गप्प बसल्या, पालक गप्प बसले, मीही गप्प बसलो.

सीईटीवाला
गुरुजी, तेवढ्यावर माझीही सही घ्या. पण पार्ल्या-माटुंग्याच्या मुलांनी दहावीनंतर कुठे जायचं, कोणत्या कॉलेजात, कोणत्या परीक्षेच्या तयारीने आणि कोणाच्या खर्चाने, हे महापालिकेने प्रवेशाच्या दिवशीच पालकांना लेखी द्यावं. आणि ते मराठीत द्यावं, नणंदेची वाट बघायला लागू नये.