मदत हवी आहे: बाबांचा ताप उतरलाय, तरी आजच दवाखान्यात न्यावं का?

मी पुण्यात, आई-बाबा कुडाळजवळ गावी. बाबा ६६ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत. रविवारी संध्याकाळी थंडी वाजून ताप आला, १०२-१०३. डोकं आणि अंग भयंकर दुखत होतं. गावातल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिली, दोन दिवस बघू म्हणाले. आज गुरुवार. सकाळपासून गोळी न घेताही ९९ आहे. आई खूश, 'उतारलो एकदाचो' म्हणाली फोनवर.

पण बाबा पेजसुद्धा घेत नाहीत. तीन-चार उलट्या झाल्या, पोटात दुखतंय म्हणतात आणि नुसते पडून आहेत. एरवी हा माणूस तापातही गोठ्यात चक्कर मारून येतो. आई म्हणते अशक्तपणा आहे, एवढ्या पावसात कुठे हलवायचं? शेजारी पपईच्या पानांचा रस द्या म्हणतायत. मी उगाच घाबरतेय का? तपासण्या कोणत्या करायच्या?

प्रतिसाद १
उगाच नाही. आजच न्या, उद्यावर टाकू नका. मी मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. पावसाळ्यात असा ताप म्हटला की डेंग्यू आधी मनात येतो, आणि डेंग्यूत ताप चढलेला असताना जपायचं त्याहून जास्त तो उतरताना जपावं लागतं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो, आणि त्याच सुमारास काही जणांच्या रक्तवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपू लागतो. रक्त दाट होतं, बीपी पडतं. हे २४ ते ४८ तास धोक्याचे. थर्मामीटर मात्र नॉर्मल दाखवतो, म्हणून घरचे गाफील राहतात.

पोटदुखी, सारख्या उलट्या, ग्लानी किंवा अस्वस्थपणा, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शौच. यातलं एकही दिसलं तर घरी थांबायचं नाही. तुम्ही तर तीन लिहिलीत. आईंना आत्ता विचारा: लघवी शेवटची कधी झाली? हातपाय गार लागतायत का?

अंगदुखीला ब्रुफेन, ॲस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. बीपीची आजची गोळी द्यायची की नाही, हेही डॉक्टरांनाच विचारा.

प्रतिसाद २
+१. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा आणि त्यात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, बघायला सांगा. सगळे प्लेटलेटच्या आकड्यामागे धावतात, रक्त दाट होतंय ते हिमॅटोक्रिटवरून कळतं. डेंग्यूसाठी एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी रक्ततपासणी) पहिल्या पाचेक दिवसांत उपयोगी, पुढे आयजीएम (प्रतिपिंडांची तपासणी). एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच असं धरू नका. मलेरियासाठीही रक्त द्या. आणि उलट्या होणाऱ्या माणसाला तो कडू रस कशाला पाजायचा?

धागाकर्ती
लघवी पहाटे एकदाच झाली, तीही थोडी. हात गार आहेत म्हणते आई :( चुलतभावाला रिक्षा आणायला सांगितलंय.

प्रतिसाद १
रिक्षात बसवू नका, १०८ ला फोन करा. ॲम्ब्युलन्समध्ये आडवं नेता येईल. वाट बघताना उठवून चालवू नका. सलाइन लागण्याची शक्यता आहे, तेव्हा भरती करून घेणारं रुग्णालयच गाठा. कुडाळहून ओरोसचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे.

प्रतिसाद ३
बाबा भातलावणीला शेतात उतरले होते का? सिंधुदुर्गात या दिवसांत लेप्टोही (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) असतो. डोळे लाल, पोटऱ्या दुखणं, पायाला जखम, असं काही? असेल तर पोचल्या पोचल्या सांगा. त्याची अँटिबायोटिक रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात.

धागाकर्ती
हो, लावणी केली, टाचेला चीर पण आहे! १०८ ला फोन झाला, गाडी निघालीय. ताप कधी आला, कोणत्या गोळ्या घेतल्या, लघवी, लावणी, सगळं लिहून भावाला व्हॉट्सॲप करते. मीही निघतेय.