वाजवताना टोपी घालणं म्हणजे लोकांना टोपी घालणं का?

ब्लूजवाला_कोथरूड
मंडळी, बँडमध्ये भांडण झालंय, निवाडा पाहिजे. आमचा चार जणांचा ब्लूज बँड, महिन्यातनं एखाद-दुसरा शनिवार कुठंतरी वाजवतो, मी गिटारवर असतो आणि मधूनमधून गातोही. दोन वर्षं झाली, वाजवताना मी काळी फेडोरा (काठाची फेल्ट हॅट) घालतो. परवा प्रॅक्टिसला आमचा ड्रमर सगळ्यांदेखत म्हणला, "ती टोपी काढ बाबा, कार्टून दिसतोस, लोक ऐकायला येतात, फॅन्सी ड्रेस बघायला नाही." डोकंच सटकलं माझं.

आता खरं सांगतो, मी लाजाळू माणूस. ऑफिसात प्रेझेंटेशन द्यायचं म्हणलं तरी घाम फुटतो. पण टोपी खाली ओढली की समोरची माणसं दिसत नाहीत, फक्त स्वतःचे हात दिसतात. गन्स एन रोझेसचा गिटारवाला स्लॅश नाही का, त्या केसांमागं नि टॉप हॅटखाली लपूनच वाजवत आला आयुष्यभर, आणि ती पहिली हॅट लॉस एंजेलिसच्या एका दुकानातनं ढापली होती असं त्यानं स्वतःच सांगितलंय. ब्लूज गिटारवाल्या स्टीव्ही रे वॉनला टोपीशिवाय कुणी डोळ्यांपुढं आणून दाखवावं. तर माझं म्हणणं एवढंच की टोपी हा वाजवण्याचाच भाग आहे. बोला.

ठेका_धरा
तुमचा ड्रमर बरोबर बोलला. मी तबला वाजवतो, पंचवीस वर्षं झाली. भीमसेनजी, कुमारजी, कुणाला टोपी लागली होती? वाद्यात दम असला की डोकं बोडकं असो नाहीतर झाकलेलं, काय फरक पडतो. आणि समोरची माणसं दिसू नयेत म्हणून टोपी घालता? मग घरीच वाजवा की. मैफिलीत समोरच्याचा चेहरा बघून ठेका बदलतो आम्ही.

जर्सीतली_जाई
ठेकाकाका, बोडक्या डोक्यानं मैफल ही फॅशन अलीकडची हो. अब्दुल करीम खाँसाहेबांचा फोटो आठवा, अल्लादिया खाँसाहेबांचा, भास्करबुवांचा. फेटा नाहीतर पगडी आहेच. दरबारात उघड्या डोक्यानं बसणं हाच अपमान होता. बिस्मिल्ला खाँसाहेबांना २००१ मध्ये भारतरत्न मिळालं, आणि त्यांचं नाव काढलं की शहनाईबरोबर ती टोपी आठवतेच ना. त्यांना कुणी फॅन्सी ड्रेस म्हणलं का?

आणि जाझवाल्यांबद्दल तर बोलूच नका. लेस्टर यंग, सॅक्सोफोन आडवा धरून वाजवायचा आणि डोक्यावर बसकी पोर्कपाय हॅट. मार्च १९५९ मध्ये तो गेला, आणि जाझ बासवाल्या चार्ल्स मिंगसनं त्याच्या आठवणीत जी रचना केली तिच्या नावात लेस्टर नाहीच, टोपी आहे. माणूस गेला तर निरोप त्याच्या टोपीला, याच्या वर काय पाहिजे सांगा. जाझ पियानोवाल्या थेलोनियस मंकच्या टोप्या मोजायला बसलं तर दिवस जाईल. तो फेब्रुवारी १९६४ मध्ये टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर आला तोसुद्धा टोपी घालूनच (खरं तर आधीच्या नोव्हेंबरात यायचा होता, पण केनेडींची हत्या झाली नि अंक बदलला). पियानोवरून उठून मध्येच नाचायचा, टोपी तशीच.

ठेका_धरा
जाईताई, ते सगळे टोपीनं मोठे झाले नाहीत. मोठे होते म्हणून टोपी मोठी झाली. हे कोथरूडचे साहेब उलट्या टोकाकडून चढतायत. आणि पगडी हा तेव्हाचा रोजचा पोशाख होता, खाँसाहेब बाजारात जातानाही तीच घालत असणार. तुम्ही भाजी आणायला फेडोरा घालून जाता का?

ब्लूजवाला_कोथरूड
एकदा गेलो होतो. कोथिंबीरवाली हसली.

कन्सोलकाका
भांडणात पडत नाही पण एक कामाची गोष्ट सांगतो. मी साउंड करतो, लग्नं, कॉलेज फेस्ट, छोटे गिग सगळं. रुंद काठाची टोपी घालून गाणारा आला की माझ्या पोटात गोळा येतो. का? तुमच्या पायाशी तिरका ठेवलेला मॉनिटर, म्हणजे तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवणारा स्पीकर, तुमच्या तोंडाकडं रोखलेला असतो. गाण्याचा माइक पाठीमागचा आवाज कमी घेतो, म्हणून मॉनिटर आम्ही माइकच्या पाठीकडं ठेवतो. इथपर्यंत ठीक. पण मॉनिटरचा आवाज वर जाऊन टोपीच्या काठाला खालून आपटतो आणि तिथनं थेट माइकच्या तोंडात. मग कुईईई. लोक शिव्या मला घालतात, टोपीला कुणी घालत नाही. साउंडचेकला हे लोक बोडके येतात, सगळं सेट करून देतो, आणि शो सुरू झाला की ही एवढी छत्री डोक्यावर! घालायचीय ना, खुशाल घाला, पण साउंडचेकला पण घालून या. नाहीतर काठ बारीक घ्या.

ताशेवाली
हे भारीच 😄 कधी डोक्यातच आलं नव्हतं.
आमच्या पथकात फेटा असतो. मी ताशा वाजवते. आठ-नऊ मीटर कापड डोक्याला गुंडाळायचं, भर उन्हात नाहीतर पावसात पाच-सहा तास, भिजला की इतका जड होतो की मान धरते. पण तो नसला तर वाजवावंसंच वाटत नाही, खरंच. सरावाला बिनफेट्याचे असतो तेव्हा हात तोच, ठेका तोच, पण अंगात येत नाही. रेडीमेड फेटा मात्र नको, तो दोन उड्यांत गळतो. आणि बांधून देणारे दादा असतात ना, त्यांनी आवळून बांधला की कानावर जरा येतो, ताशाचा आवाज कमी टोचतो.

कन्सोलकाका
पोरी, कापडानं कान वाचत नाहीत. इअरप्लग घाल फेट्याच्या आत. दिसत पण नाहीत.

पिपाणी_आणि_पोट
सगळं वाचलं. एक कुणीच बोललं नाही. "आवडती टोपी" ही चैन कुणाची? ज्याचं नाव पोस्टरवर असतं त्याची. माझे चुलते चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मे महिना, दुपारी बाराची वरात, अंगात लाल कोट, खांद्यावर जरीच्या झालरी आणि डोक्यावर ती टोकदार टोपी, पुढं तुरा. टोपी मालकाची, शिलाई मालकाची, हरवली तर पैसे पगारातनं कापायचे. साइज बघायची पद्धतच नव्हती, जी हातात येईल ती, चुलत्यांच्या टोपीत आतून वर्तमानपत्राची घडी असायची. कपाळावर कायमचा वळ पडला होता. लग्नात हजार लोक असायचे पण त्यांचं नाव कुणी विचारलं नाही कधी, "ए टोपीवाला, नागीण वाजव" एवढंच. आणि घरी सकाळी ओट्यावर बसून रियाज करायचे तेव्हा डोकं उघडं असायचं, आणि ते जे वाजवायचे ना ते वरातीत कुणी ऐकलंच नाही.
लेस्टर यंगनं टोपी स्वतः निवडली म्हणून तिचं कौतुक. यांच्या डोक्यावर ठेवली गेली. ताशेवालीताई, तुम्ही हौसेनं बांधता, आनंद आहे, पण तुमच्या मिरवणुकीच्या मागं पोटासाठी वाजवणारा असतो त्याला पण विचारा फेटा कसा वाटतो ते.

ताशेवाली
दादा 🙏 विचारीन.

जर्सीतली_जाई
पिपाणीदादा, पटलं, आणि माझं लेस्टर यंगचं पुराण जरा हलकं वाटायला लागलं. तरी एक सांगतेच. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन २००८ ला पुन्हा दौऱ्यावर निघाला, वय ७३. त्यानंतरच्या कार्यक्रमांत साथीदाराचा सोलो आला की तो फेडोरा काढून छातीशी धरायचा नि ऐकत उभा राहायचा. साथीदाराला मान द्यायला टोपी वापरली त्यानं. (हाच माणूस मुंबईत येऊन रमेश बाळसेकरांपुढं अद्वैत ऐकत बसायचा, आपल्याकडं फार कमी जणांना माहितीय.)

ठेका_धरा
हे मात्र आवडलं. आमच्याकडं कानाला हात लावतात, जात एकच. पण बघा हं, यात टोपी काढण्यात मजा आहे. माझाच मुद्दा झाला. आणि झाकीरभाईंना टोपी घातली असती तर? ते केस उडायचे म्हणून तर तिहाई दिसायची.

जर्सीतली_जाई
काढायला आधी घालावी लागते हो काका!!

ब्लूजवाला_कोथरूड
अपडेट. काल वाजवलं. काकांचं ऐकून साउंडचेकला टोपी घालूनच गेलो, तिथल्या साउंडवाल्यानं वर बघितलं, काही न बोलता मॉनिटर जरा बाजूला सरकवला. एकदाही कुई नाही. ड्रमरच्या सोलोला फेडोरा काढून छातीशी धरली. सोलो संपल्यावर तो वाकून म्हणला, "आता घाल परत, टक्कल चमकतंय."

ठेका_धरा
हे आधी सांगायचं होतं ना!