‘जी-ह्वे’ : निषिद्ध की पथ्य?

प्रश्न : चिनीत ‘टॅबू’ला ‘जी-ह्वे’ म्हणतात. मराठीत ‘निषिद्ध’ लिहावं की ‘वर्ज्य’?

– मला दोन्ही पटत नाहीत. ‘निषिद्ध’ शोभतं ते ‘टॅबू’च्याच दुसऱ्या चिनी शब्दाला, ‘जिन-जी’ला. त्यातलं ‘जिन’ म्हणजे सरळ बंदी, चीनमधल्या धूम्रपानबंदीच्या पाटीवर हेच अक्षर असतं. ‘जी-ह्वे’ मात्र बहुतेक वेळा ज्याचं त्यानेच जपायचं. ‘जी’ या अक्षराच्या खालच्या अर्ध्या भागात हृदय आहे, ‘ह्वे’च्या डाव्या अंगाला वाणी. आणि वैद्याने अमुक खाऊ नका म्हटलं की चिनी माणूस जे पाळतो ते ‘जी-खौ’. ‘खौ’ म्हणजे तोंड. अहो, हे तर आपलं पथ्य! म्हणून ‘जी-ह्वे’ला मी ‘बोलण्या-वागण्यातलं पथ्य’ म्हणेन.

उदाहरणार्थ, कुणाला भिंतीवरचं घड्याळ भेट द्यायचं नाही. ‘घड्याळ देणे’ आणि ‘मरणाऱ्याच्या उशाशी शेवटची सेवा करणे’ या दोन्हींचा उच्चार एकच : ‘सोंग-जोंग’. मनगटी घड्याळाला शब्दच वेगळा, त्यामुळे ते बिनधास्त द्या.

– ‘पथ्य’ फारच मवाळ वाटतं हो. कांग्शी सम्राटाचं नाव श्वेनये, म्हणून बीजिंगच्या राजवाड्याच्या उत्तरेकडच्या ‘श्वेनवू’ दरवाजाचं ‘शेनवू’ करावं लागलं. वांग शीहौने आपल्या कोशात सम्राटांची नावं जशीच्या तशी छापली, तर १७७७ साली त्याला देहदंड झाला. हे कसलं पथ्य?

– मान्य, पण त्याला ‘बी-ह्वे’ म्हणतात, नाव टाळण्याचा दंडक. ‘ह्वे’ तेच, मागे राजाचा धाक. तिथे ‘नामनिषेध’ लिहा, माझी हरकत नाही.

– शब्द टाळून दुसरा वापरायची खोड आपल्यालाही आहेच की. दुकान बंद करत नाही, ‘वाढवतो’. नारळ फोडत नाही, तोही वाढवतो. बांगडी फुटली तरी आजी म्हणायची, “वाढवली गं.”

– अगदी! चिनी नावाड्यांनी हेच केलं. जेवायच्या काड्यांना जुना शब्द ‘जू’, पण ‘थांबणे’ हेही ‘जू’. नाव अडून राहील या भीतीने त्यांनी काड्यांना उलट ‘क्वाय’, म्हणजे वेगवान, म्हणायला सुरुवात केली. मिंग काळातल्या लिखाणात ही नोंद आहे. आज सगळा चीन ‘क्वाय-त्झ’नेच जेवतो. नावेत पाय न ठेवलेलेसुद्धा.