मदत हवी आहे: आल्फ कॉमनच्या कारकिर्दीचा सामनेवार तक्ता

मराठी विकिपीडियासाठी तक्ता करतोय. फेब्रुवारी १९०५ मध्ये मिडल्सब्रोने संडरलंडला १००० पौंड मोजून घेतलेला, चार आकडी किमतीचा पहिला फुटबॉलपटू तो हाच. सांगाडा तयार आहे: संडरलंड, १९०१ पासून शेफील्ड युनायटेड, १९०४ मध्ये परत संडरलंड, मग मिडल्सब्रो, १९१० पासून वुलविच आर्सेनल, १९१२ ते १४ प्रेस्टन.

घोडं अडलंय गोलांवर. काही याद्यांत एफए कपचे (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) गोल लीगमध्येच मिसळलेत. साउदॅम्प्टनविरुद्ध १९०२ च्या अंतिम सामन्यातला त्याचा गोल १-१ बरोबरीच्या पहिल्या लढतीतला आहे. फेरसामना शेफील्डने २-१ जिंकला, त्यात त्याचा गोल नाही. पहिल्या लढतीतला तो गोल वेगळ्या रकान्यात टाकलाय. मिडल्सब्रोकडून पहिलाच सामना ब्रॅमल लेन मैदानावर, शेफील्ड युनायटेड या जुन्याच क्लबविरुद्ध, १-० जिंकला. गोल त्याचाच, पेनल्टीवर, त्यामुळे पेनल्टीचा रकानाही हवाच.

जुन्या वर्तमानपत्रांत नुसतं आडनाव टाकून शोधलं तर ‘कॉमन’ शब्द असलेली प्रत्येक बातमी समोर येते. त्याच ओळीत क्लबचं नाव आणि ‘इनसाइड राइट’ (त्याची मैदानातली जागा) जोडलं की कचरा बराच कमी होतो. लंडनच्या, म्हणजे आर्सेनलच्या, वर्षांसाठी ‘वुलविच’ टाकायला विसरू नका.

प्रेस्टनच्या १९१२-१३ हंगामाचे (दुसऱ्या विभागाचं विजेतेपद) संघ आणि गोल करणाऱ्यांची नावं कुणाकडे आहेत का? स्थानिक सायंदैनिकाच्या शनिवारच्या क्रीडा आवृत्तीची स्कॅन प्रत असेल तर उत्तमच. दुय्यम संकलनं नकोत, ती एकमेकांवरूनच उतरवलेली असतात.